मराठेशाहीतील लष्करी पुरवठा आणि अफरातफरीचा प्रतिबंध : काही मूळ साधनांची चिकित्सा

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासात मोहिमा, वेढे, गड आणि सेनापतींचे निर्णय यांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. दाणा, वैरण, सरपण, दारूगोळा आणि पगार सैन्यापर्यंत पोहोचविणाऱ्या सुभेदार, कारकून, कारखानीस, मजुमदार यांच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. वस्तुतः युद्धकाळात सरकारचा पैसा, रयतेचे धान्य आणि शिपायाचे पोट या तिन्ही गोष्टी याच वर्गाच्या हातून जात असत. या हातांनी काय करू नये, यासंबंधी त्या काळातील राज्यकर्त्यांनी व लेखकांनी जे विचार मांडले, ते समकालीन पत्रे, बखर आणि राजनीतीपर ग्रंथ यांत विखुरलेले आढळतात.

प्रस्तुत लेखात शिवाजी महाराजांची चिपळूण व पद्मदुर्ग या प्रकरणांतील पत्रे, कृष्णाजी अनंत सभासद याची बखर आणि रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र या साधनांची पुरवठा-व्यवस्थेच्या अंगाने चिकित्सा केली आहे. आणि त्यांतील विचार पुढील काळात कितपत टिकला हे पाहण्यासाठी १७६० मधील गोविंदपंत बुंदेले प्रकरणाचा परामर्श घेतला आहे. ही साधने सामान्यतः रयतेविषयीचा कळवळा किंवा स्वामिनिष्ठा यांची उदाहरणे म्हणून उद्धृत केली जातात. तो अर्थ त्यांत नाही असे नाही. परंतु केवळ नैतिक उपदेश म्हणून ती वाचली, तर त्यांतील व्यवहारज्ञान नजरेआड होते.

आरंभीच दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट साधनांच्या स्वरूपाची. आज्ञा हे आचरणाचे प्रमाण नसते. एखादी गोष्ट करू नये अशी सक्त ताकीद वारंवार दिलेली आढळते, तेव्हा ती गोष्ट घडत होती किंवा घडण्याचे भय होते, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. दुसरी गोष्ट संकल्पनेची. अफरातफर आणि नासाडी यांत भेद केला पाहिजे. अफरातफरीत सरकारचे नुकसान होते व कोणाचा तरी फायदा होतो. नासाडीत नुकसान होते, पण फायदा कोणाचाच होत नाही. पहिलीवर हिशेब, पाळत व शिक्षा हे उपाय चालतात. दुसरीवर ते फारसे चालत नाहीत, कारण तेथे पकडावा असा चोर नसतो.

चिपळूणचे पत्र : नासाडीचा विचार

राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात मराठ्यांच्या घोडदळाची छावणी चिपळूण परिसरात पडली असता जुमलेदार, हवालदार व कारकून यांना महाराजांनी लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. लोकांच्या स्मरणात हे पत्र रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या वचनाशी जोडले गेले आहे. वास्तविक देठाचा तो दृष्टान्त प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला १६७६ मध्ये पाठविलेल्या दुसऱ्या पत्रातील आहे. स्मरणातील ही सरमिसळ अर्थपूर्ण आहे. दोन्ही पत्रांतील रयतेविषयीची आस्था तेवढी लोकांनी उचलली. चिपळूणच्या पत्रातील दाण्या-वैरणीचा हिशेब मात्र मागे पडला.

पत्राची मांडणी पाहिली असता ती एका पाठोपाठ एक येणाऱ्या परिणामांची साखळी आहे असे दिसते. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेली बेगमी छावणीमुळे आधीच खर्च झाली आहे. त्यानंतर मिळेल तेथून दाणा, वैरण जमवून पागेची तरतूद केली आहे. आता हा साठा मनास येईल तसा, भराभर खर्च केला तर ऐन पावसाळ्यात काहीच उरणार नाही. घोडी उपाशी मरू लागतील. आणि ती घोडी तुम्हीच मारली असे होईल. मग उपाशी शिपाई मुलखाला तोशीस देऊ लागतील. कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण वा भाजीपाला. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही उठून जाऊ लागतील, आणि त्यांना मोगलांहून तुम्हीच अधिक वाईट वाटाल. यासाठी कारकुनांनी पावसाळा सरेपर्यंत पुरेल अशा मापाने साठा द्यावा, आणि ज्याला जे लागेल ते त्याने बाजारातून रास्त दामाने विकत घ्यावे, असा पत्राचा आशय आहे.

येथे लक्षणीय गोष्ट अशी की, या साखळीत पहिला दुवा दुष्टपणाचा नाही. तो बेफिकिरीचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोठारात दाणा दिसतो म्हणून तो वापरला जातो. त्याचा परिणाम श्रावणात दिसतो, आणि तो भोगणारा मनुष्य वेगळाच असतो. ज्याने साठा उधळला तो शिपाई व ज्याचे घर लुटले गेले तो कुणबी यांच्यामध्ये दोन-तीन महिन्यांचे अंतर आहे. हे अंतर अधिकाऱ्यांच्या नजरेस आणून देणे हाच पत्राचा मुख्य उद्देश दिसतो. आगीसंबंधीच्या सूचनाही याच पद्धतीच्या आहेत. कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री जळत राहिलेल्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, आणि एका खणाला लागलेली आग सगळ्या पागेत पसरेल. त्यानंतर कुणब्यांची डोकी मारली किंवा कारकुनांना कितीही ताकीद दिली तरी खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही, असे महाराज बजावतात. शिक्षेची मर्यादा राज्यकर्त्याने स्वतःच इतक्या स्पष्टपणे मान्य केल्याची उदाहरणे विरळा आहेत. जळालेले गवत शिक्षेने परत येत नाही.

तथापि या पत्राची चिकित्सा केवळ प्रशंसेने पूर्ण होत नाही. दाभोळ सुभ्याचा पावसाळ्याचा साठा वेळेआधी का संपला, या प्रश्नाचे उत्तर पत्रातच आहे. तो सैन्याच्या छावणीमुळे संपला. आणि छावणी कोठे पडावी हा निर्णय जुमलेदारांचा नव्हता. म्हणजे टंचाईचे मूळ काही अंशी वरिष्ठ पातळीवरील निर्णयात आहे, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी मात्र कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या काटकसरीवर टाकली आहे. पत्रात ही वस्तुस्थिती लपविलेली नाही, हे त्याचे मोठेपण होय. काटकसरीची आज्ञा देण्यापूर्वी साठा कोठून व कसा जमविला हे सांगितले असल्यामुळे त्या आज्ञेला आधार प्राप्त होतो.

पद्मदुर्गाचे पत्र : विलंब, संशय आणि जबाबदारी

दुसरे पत्र जानेवारी १६७५ मधील असून ते प्रभावळी मामल्याचा सुभेदार जिवाजी विनायक व तेथील कारकून यांना उद्देशून आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध समुद्रात पद्मदुर्ग उभा करण्यात येत होता. राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरीच उभारावी, असा हा उद्योग होता. त्याच्या रक्षणासाठी दौलतखान व दर्यासारंग यांच्या आरमाराला लागणारा ऐवज व गल्ला प्रभावळीतून पोहोचवावा, असे हुकूम सुटले होते. रसद पोहोचली नाही. त्यावर महाराजांनी लिहिलेल्या पत्राचा सूर चिपळूणच्या पत्राहून सर्वस्वी भिन्न आहे. हबशाने तुम्हाला काही देऊन आपले चाकर केले असेल, म्हणून अशी बुद्धी झाली असेल, असा उघड संशय त्यात व्यक्त झाला आहे. आणि अशा चाकराची ब्राह्मण म्हणून कोणी भीड धरणार नाही, असेही स्पष्ट बजावले आहे.

चिपळूणच्या पत्रात अधिकाऱ्यांना कार्यकारण समजावून सांगितले आहे. येथे हेतूविषयी संशय घेतला आहे. या फरकाचे कारण दोन्ही दोषांच्या स्वरूपात शोधले पाहिजे. चिपळूणला साठा हाताशी होता व त्याचा अपव्यय होण्याचे भय होते. पद्मदुर्गाच्या बाबतीत हुकूम होऊनही माल हललाच नाही. पुरवठ्यातील विलंब हा अपराध मोठा चमत्कारिक असतो. त्यामागे लाच असू शकते, आळस असू शकतो, मालाची टंचाई असू शकते किंवा वाहतुकीची अडचणही असू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला या चारही कारणांचे रूप एकच दिसते. ते म्हणजे रिकामे कोठार. समुद्रात शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात काम करणाऱ्या माणसांना त्या कारणांत भेद करण्याची सवड नसते. महाराजांच्या संतापामागे ही निकड आहे.

मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला ही सवड आहे, आणि ती त्याने घेतली पाहिजे. उपलब्ध पत्र हे आरोपपत्र आहे. त्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. पत्रातील लाचेचा उल्लेख संभावना म्हणून आलेला आहे, निष्कर्ष म्हणून नव्हे. अनेक व्याख्यानांत व पाठ्यपुस्तकी लेखनात जिवाजी विनायक हा फितूर अधिकारी म्हणूनच उभा केला जातो. तो निर्णय पत्रातील मजकुराच्या पलीकडे जाणारा आहे.

या पत्रातील जातीविषयीचा उल्लेखही पुरवठा-व्यवस्थेच्या संदर्भात वाचावयास हवा. लेखणीचे काम करणारा वर्ग ठराविक जातींतून येत असे, आणि त्या जातींना समाजात असलेल्या मानामुळे शिक्षेपासून सवलत मिळेल अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक होते. दोषी हात कोणत्या जातीचा आहे याने रसदेच्या अपराधाचे वजन कमी होत नाही, हे तत्त्व येथे राजाज्ञेच्या रूपाने नोंदले गेले.

पुढे सप्टेंबर १६७६ मध्ये याच प्रभावळीचा सुभेदार म्हणून रामाजी अनंत याला महाराजांनी लिहिलेले पत्र पाहिले, तर विचाराचा पुढचा टप्पा दिसतो. चोरी करणार नाही व इमानाने काम करीन अशी शपथ रामाजीने घेतली असल्याचा त्यात उल्लेख आहे. परंतु पत्र शपथेवर थांबत नाही. गावोगाव फिरून कुणबी किती, बैल किती, कोणाला बियाण्याची व पोटाला दाण्याची गरज आहे हे पाहावे, त्यांना बैल व दाणा पुरवावा आणि वसुली त्यांच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू करावी, असा तपशीलवार कार्यक्रम त्यात आहे. सैन्याला द्यावयाचा गल्ला ज्या शेतातून येतो ते शेत पिकते ठेवणे हा पुरवठ्याचाच भाग होय, ही जाणीव यामागे आहे. प्रामाणिकपणाची शपथ आणि उत्पादनाची तरतूद या दोन गोष्टी एकाच पत्रात येतात, हे महत्त्वाचे आहे.

सभासदाची बखर : विभागलेले हात

पत्रांतून प्रसंग दिसतात. व्यवस्थेचे एकत्रित चित्र सभासदाच्या बखरीत आढळते. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९७ च्या सुमारास ही बखर लिहिली गेली. सभासदाच्या वर्णनानुसार गडावर हवालदार, सबनीस व सरनौबत हे तिघे एका योग्यतेचे अधिकारी असत व त्यांनी कारभार एकत्र करावयाचा असे. धान्याची अंबारे व युद्धसामग्री यांसाठी कारखानीस नेमलेला असे आणि जमाखर्चाचे लेखन त्याच्या देखरेखीखाली होत असे. गड एकाच माणसाच्या हाती राहू नये, हा यामागील उघड हेतू होता.

घोडदळाच्या रचनेतही हेच तत्त्व दिसते. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी चढती श्रेणी होती. जुमलेदाराला ५०० होन व त्याच्या मजुमदाराला १०० ते १२५ होन वेतन असल्याचे सभासद सांगतो. हजारीजवळ मजुमदार, कारभारी व जमेनीस असे स्वतंत्र वेतनाचे कामगार असत. तलवार धरणारा व हिशेब लिहिणारा हे दोघे वेगळे, आणि लिहिणाऱ्याचे पोट तलवारवाल्याच्या मर्जीवर अवलंबून नाही, अशी ही योजना होती. दसऱ्याला फौज छावणीतून निघताना लहानथोर सर्वांच्या चीजवस्तूंची याद करावयाची, परतल्यावर पुन्हा झडती घ्यावयाची, यादीपेक्षा अधिक निघालेल्या मालाची किंमत पगारात वजा धरावयाची, भारी किमतीचा ऐवज सरकारात जमा करावयाचा आणि नंतर हिशेब करून राहिलेला पगार चुकता करावयाचा, हा क्रमही बखरीत आला आहे. जातेवेळची व येतेवेळची अशा दोन याद्यांमधील फरक हेच येथे पाळतीचे साधन होते. त्यासाठी हेर लागत नाही; प्रामाणिक कारकून व कागद लागतो.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या १९०० मधील ग्रंथात रोख वेतन, वंशपरंपरागत हुद्द्यांना नकार आणि भिन्न जातींच्या अधिकाऱ्यांची एकत्र नेमणूक या गोष्टींना शिवकालीन राज्यव्यवस्थेची प्रमुख वैशिष्ट्ये मानले आहे. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण व कारखानीस प्रभू अशी नेमणूक करून एकमेकांवर दाब ठेवला जाई, हे सभासदाच्या वर्णनाशी जुळते. तथापि या योजनेमागील गृहीतकाची तपासणी आवश्यक आहे. भिन्न जातींची माणसे संगनमत करणार नाहीत, असे हे गृहीतक आहे. लाभ पुरेसा मोठा असेल तर जातीची भिंत अपहाराच्या आड येतेच असे नाही. दुसरी अडचण अशी की, ज्या कामाला तिघांची संमती लागते ते काम चोरीपासून जसे सुरक्षित होते, तसे मंदही होते. गडाच्या रक्षणात हा मंदपणा परवडतो, कारण गड जागचा हलत नाही. चालत्या फौजेच्या किंवा आरमाराच्या रसदेत तो घातक ठरू शकतो. चोरी थांबविणारी प्रत्येक सही मालाला काही काळ थांबविते.

सभासदाने लिहिले त्या काळाचाही विचार केला पाहिजे. जिंजीला मोगलांचा वेढा होता आणि सरदारांना टिकवून धरण्यासाठी वतने व सरंजाम देणे राज्याला भाग पडत होते. अशा वेळी सभासद रोख वेतनाची व चोख हिशेबाची व्यवस्था आठवतो. त्याच्या चित्रात आदर्शीकरण असणे शक्य आहे. परंतु कोणती गोष्ट आदर्श म्हणून आठवावीशी वाटली, हीदेखील इतिहासाला उपयोगी पडणारी माहिती आहे.

आज्ञापत्र : मोहाचे कारण दूर करणे

१७१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्राचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य यांनी औरंगजेबाच्या स्वारीचा संपूर्ण काळ महाराष्ट्रात राहून राज्याचा भार वाहिला होता. त्यांच्या लेखनात पुस्तकी राजनीतीपेक्षा अनुभवाचा भाग मोठा आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत, आणि पाण्यातील मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही तसे अधिकारी धन केव्हा खातो हे कळत नाही, असे म्हटले आहे. तेथे अपहार हा जवळजवळ मनुष्यस्वभाव मानून त्याच्या शोधाची यंत्रणा सांगितली आहे. अमात्यांचा रोख वेगळा आहे. अधिकाऱ्याला हात घालावासा वाटेल अशी परिस्थितीच निर्माण होऊ नये, याकडे त्यांचे लक्ष आहे.

आरमारासंबंधीचे त्यांचे विवेचन या दृष्टीने फार मोलाचे आहे. आरमाराचा तनखा मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा. बंदरांच्या पैदास्तीवर तो नेमू नये, असे ते सांगतात. पैदास्तीवर नेमणूक केली की आरमाराचे लोक सावकारांना उपद्रव देतात आणि बंदरे मोडतात. म्हणजे ज्या उत्पन्नाच्या वसुलीत सैन्याचा स्वतःचा स्वार्थ आहे, त्यातूनच त्याचा पगार काढला तर जुलूम व अपहार यांना व्यवस्थेनेच जन्म दिला, असे होते. अधिकारी सज्जन असो वा दुर्जन, उपाशी आरमार व्यापाऱ्याची गलबते अडविणारच.

जहाजांच्या लाकडासंबंधीची सूचनाही याच जातीची आहे. सागवानादी वृक्ष सरकारी परवानगीने तोडावेत. आंबा, फणस ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन तोडावे. लष्करी गरज या सबबीखाली फुकट मिळणाऱ्या वस्तूची नासाडी सर्वाधिक होते, हे येथे ओळखले आहे. किंमत मोजावी लागली की गरज किती खरी आहे हे आपोआप कळते. गडावरील दारूखान्याविषयी तो वस्तीपासून दूर असावा, तेथे ओल पोहोचू नये, ठराविक दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून उन्हात सुकवून पुन्हा बंदोबस्ताने ठेवावेत, असे नियम दिले आहेत. यांतही चोरापेक्षा ओलीचे व आगीचे भय अधिक आहे. चिपळूणच्या पत्रातील उंदराची वात आणि आज्ञापत्रातील दारूखान्याची ओल यांमागील दृष्टी एकच आहे.

१७६० : एकाच हाती सर्व काही

पेशवाईच्या काळात राज्याचा विस्तार उत्तरेत दूरवर झाला आणि पुरवठ्याचे स्वरूप बदलले. सैन्याचा मोठा भाग सरंजामावर आधारलेला होता. ठरल्याहून कमी घोडी बाळगून पूर्ण पथकाचे उत्पन्न घेणे, हजिरीच्या वेळी संख्या भरून दाखविणे या तक्रारी सर्वत्र होत्या. त्यांवर उपाय म्हणून हजिऱ्या, चेहरेपट्ट्या व हिशेबतपासणी होती. फडणीस, मजुमदार आदी दरकदार अंमलदाराच्या कारभारावर लक्ष ठेवीत आणि अंमलदाराला त्यांना दूर करता येत नसे. तपासणी पुष्कळ होती. परंतु दरकांची ही पदे बहुधा वंशपरंपरागत झाली होती. ज्या वतनदारी वृत्तीविरुद्ध तपासनीस नेमावयाचा, तो तपासनीसच वतनदार झाला.

या पार्श्वभूमीवर गोविंदपंत बुंदेले यांचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. बुंदेलखंड व अंतर्वेद या भागांतील पेशव्यांचे ते मामलेदार. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊ उत्तरेत आले, तेव्हा त्यांनी गोविंदपंतांकडे पैसा, धान्य, यमुना उतरण्यासाठी नावा आणि अब्दालीच्या रसदेला अटकाव, अशा सर्व गोष्टींची मागणी केली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडातील पत्रव्यवहारात या मागण्यांचा तगादा वाचावयास मिळतो. थकलेल्या हिशेबांमुळे गोविंदपंतांविषयी पुण्याच्या दरबारी संशय होताच. मागण्या पुऱ्या होईनात, तेव्हा तो संशय अधिक तीव्र झाला. पानिपतच्या पराभवाची कारणे शोधताना पुढील लेखकांपैकी काहींनी त्यांना मोठा वाटा दिला. मात्र हेच गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असताना मारले गेले, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

गोविंदपंतांचे हिशेब निर्दोष होते असा दावा येथे करावयाचा नाही. प्रश्न वेगळा आहे. वसूल गोळा करणारा, तो साठविणारा, सैन्याला पुरविणारा आणि गरज पडली तर फौज घेऊन लढणारा असा एकच मनुष्य होता. सभासदाच्या चित्रातील विभागलेले हात येथे एका माणसाच्या ठायी एकवटले होते. अशा माणसाचा विलंब पाहून दरबाराला त्याचे कारण कळण्याचा मार्ग उरत नाही, कारण खबर देणाराही तोच असतो. जिवाजी विनायकाच्या बाबतीत निर्माण झालेली स्थिती पंच्याऐंशी वर्षांनंतर कितीतरी मोठ्या प्रमाणावर पुन्हा उद्भवली, आणि दरबाराच्या हाती पुन्हा संशयाचे पत्र लिहिण्यापलीकडे काही राहिले नाही.

पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात मुलकी कारभारातील दरबारखर्चाचे वर्णन आहे. मंत्री व हिशेबतपासनीस यांना गुप्तपणे द्यावयाची लाच हळूहळू ठरीव रक्कम बनली, हिशेबात उघड लिहिली जाऊ लागली. आणि मग लाचेसाठी आणखी निराळी वसुली सुरू झाली, असे तो सांगतो. पराभूत राज्याचा कारभार वाईट होता असे दाखविण्यात जेत्याचा स्वार्थ असतो, हे ध्यानात ठेवूनही हे निरीक्षण उपेक्षणीय ठरत नाही. तपासणी टिकून राहते, पण तिचा अर्थ बदलतो, याचे ते उदाहरण आहे. तपासनिसाची सही ही प्रामाणिकपणाची खूण न राहता हिश्शाची पावती होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. शिवकालीन पत्रांत नासाडी व अफरातफर या दोन दोषांचा विचार वेगवेगळ्या पद्धतीने केलेला आहे. नासाडीच्या संदर्भात परिणामांची जाणीव करून देण्यावर भर आहे, तर विलंब व फितुरी यांच्या संदर्भात व्यक्तिगत जबाबदारीवर. या दोन सुरांची सरमिसळ केल्यास दोन्ही पत्रांचा अर्थ निसटतो.

२. सभासदाच्या बखरीतील विभागलेला कारभार, दोन वेळची याद व स्वतंत्र वेतनाचा हिशेबनीस ही प्रतिबंधाची परिणामकारक साधने होती. मात्र जातिभेदावर आधारलेला परस्परदाब हा तिचा दुबळा भाग मानावा लागतो, आणि विभागणीमुळे येणारा मंदपणा ही तिची किंमत होती.

३. आज्ञापत्राने पुरवठ्याच्या प्रश्नाचे मूळ वेतनाच्या उगमात शोधले. सैन्याचा पगार ज्या उत्पन्नावर नेमला जातो त्यावर सैन्याचे वर्तन ठरते, हा त्यातील विचार या साधनांपैकी सर्वांत प्रगल्भ म्हणावा लागेल.

४. उत्तर पेशवाईत तपासणीची साधने कमी झाली नव्हती. नियत वेतन व बदलता येणारा तपासनीस या दोन गोष्टी गेल्यामुळे ती साधने निष्प्रभ झाली.

५. जिवाजी विनायक व गोविंदपंत बुंदेले यांच्याविषयी लिहिताना आरोपाच्या पत्रालाच निर्णय मानण्याची प्रवृत्ती टाळली पाहिजे. पुरवठा अडला म्हणजे कोणीतरी खाल्ले, हे अनुमान पुष्कळदा खरे ठरते. पण ज्या व्यवस्थेत खरे कारण कळण्याचा दुसरा मार्गच ठेवलेला नाही, तिचा दोष एका माणसाच्या चारित्र्यावर ढकलून मोकळे होता येत नाही.

या सर्व साधनांत एक सूत्र समान आहे. कोठारातील तूट कारकुनाच्या वहीत दडविता येते, सेनापतीच्या पत्रात दुसऱ्यावर ढकलता येते; परंतु ती अखेर कोणीतरी भरून द्यावीच लागते. चिपळूणच्या पत्राने तो भरणारा मनुष्य कोण हे नावानिशी सांगितले आहे. तो कुणबी आहे. पुरवठा-व्यवस्थेच्या कोणत्याही नियमाची कसोटी त्याच्या घरातील दाणा शाबूत राहतो की नाही, यावर घेतली पाहिजे.